वंशाभिमान आणि मूल्यमापन : लिओ वराडकर यांच्या राजकीय कारकिर्दीची चिकित्सा

प्रस्तावना

१४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. आयरिश भाषेत या पदास ‘टीशॉख’ असे म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव असल्याने या निवडीचे महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, मोठ्या आनंदाने स्वागत झाले. वृत्तपत्रांतून, सत्कारसभांतून आणि महाविद्यालयीन व्याख्यानांतून ‘कोकणचा सुपुत्र’ ही त्यांची ओळख रूढ झाली. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबीयांसह वराडला खाजगी भेटीसाठी आले, तेव्हा या ओळखीला गावच्या मातीचा दुजोराही मिळाला.

या आनंदात गैर असे काही नाही. मात्र अभिमान ही भावना आहे आणि मूल्यमापन हे विवेकाचे काम आहे. पहिलीने दुसऱ्याची जागा घेतली की एखाद्या राजकीय नेत्याने सत्तेत काय केले, हा प्रश्नच मागे पडतो. वराडकर ९ एप्रिल २०२४ रोजी पायउतार झाले. त्यांची पंतप्रधानपदाची कारकीर्द आता पूर्ण स्वरूपात समोर आहे. तरीही मराठीत त्यांच्याविषयी जे लेखन झाले, त्यातील बहुतांश पदग्रहणाच्या क्षणापाशीच थांबलेले दिसते. प्रस्तुत लेखात प्रथम या मराठी आकलनाची चिकित्सा, नंतर प्रत्यक्ष कारकिर्दीचे परीक्षण आणि शेवटी रायगड जिल्ह्यातील वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ, अशा क्रमाने विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

लहान बेट आणि त्याचे सरकार

आयर्लंड हे बेट ३२ परगण्यांचे. त्यांपैकी २६ परगणे प्रजासत्ताकात मोडतात आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनच्या अमलाखाली आहेत. २०२२ च्या जनगणनेनुसार प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे ५१ लाख ५० हजार होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख ३४ हजार होती, हे लक्षात घेतले तर या देशाचा आकार आपल्या ध्यानात येईल. दोन रायगड जिल्हे एकत्र केले तर जेवढी माणसे होतील, त्याहून किंचित कमी माणसांचा हा देश होय. अशा लहान देशात पंतप्रधान आणि मतदार यांच्यातील अंतर कमी असते आणि धोरणाचा परिणाम लवकर दिसतो. म्हणूनच तेथील नेत्याचे मूल्यमापन करणे तुलनेने सोपे असते. निदान ते टाळण्यास सबब उरत नाही.

मराठी आकलनाची चौकट

वराडकरांविषयीचे मराठी आकलन प्रामुख्याने पितृवंशाच्या चौकटीत बसविलेले आहे. वडील डॉ. अशोक वराडकर हे वैद्यकीय व्यवसायानिमित्त प्रथम इंग्लंडला गेले. तेथे त्यांची भेट मिरियम या आयरिश परिचारिकेशी झाली, आणि पुढे हे कुटुंब डब्लिनमध्ये स्थिरावले. लिओ यांचा जन्म १८ जानेवारी १९७९ रोजी डब्लिन येथे झाला. आयरिश मतदाराच्या दृष्टीने ते आयरिश मातेचे, डब्लिनमध्ये वाढलेले, ट्रिनिटी महाविद्यालयात वैद्यकशास्त्र शिकलेले गृहस्थ होत. आपल्या लेखनात मात्र आई जवळजवळ अदृश्य आहे. आडनाव वडिलांचे, म्हणून माणूस वडिलांच्या गावाचा, हे गृहीतक आपण तपासलेलेच नाही. मुलगा बापाच्या कुळाचा आणि आईचे माहेर परके, हा आपल्या समाजाचा जुना हिशोब आपण एका परदेशी राजकारण्यालाही लावला, असे म्हणावे लागते.

या गृहीतकातून दुसरे गृहीतक निघते. स्थलांतरिताचा मुलगा सत्तेवर आला, म्हणजे स्थलांतरितांचा कैवारी सत्तेवर आला, असे ते गृहीतक आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. जून २००४ मधील सार्वमतात आयरिश मतदारांनी सुमारे ७९ टक्के मतांनी भूमीवरील जन्माने आपोआप मिळणारे नागरिकत्व रद्द करण्यास संमती दिली. आईवडील दोघेही परदेशी असतील, तर केवळ आयर्लंडमध्ये जन्मल्याने मूल आयरिश नागरिक होईलच असे त्यानंतर राहिले नाही. लिओ यांना या बदलाची झळ बसलीच नसती, कारण त्यांची आई आयरिश होती. याचा अर्थ असा, की आपण ज्या वंशाचा गौरव करतो त्याने त्यांना आयर्लंडमध्ये कोणताही हक्क दिला नव्हता. ज्या वंशाकडे आपण दुर्लक्ष करतो तोच तेथे निर्णायक होता. शिवाय २००८ साली आर्थिक मंदीच्या काळात विरोधी पक्षाचे प्रवक्ते असताना वराडकरांनी बेरोजगार परदेशी नागरिकांना काही महिन्यांचा भत्ता एकरकमी देऊन मायदेशी परत पाठविण्याचा पर्याय सुचविला होता, आणि त्यावर बरीच टीका झाली होती. वंशावरून विचारांचा अंदाज बांधणे किती फसवे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सत्तेपर्यंतचा मार्ग

वराडकर हे फिने गेल या उजवीकडे झुकलेल्या मध्यममार्गी पक्षाचे कार्यकर्ते. १९९९ च्या स्थानिक निवडणुकीत ते पराभूत झाले. २००३ मध्ये रिक्त जागेवर ते फिंगल परगणा परिषदेचे सदस्य झाले आणि २००४ मध्ये निवडून आले. २००७ साली डब्लिन पश्चिम मतदारसंघातून त्यांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात प्रवेश केला. २०११ पासून वाहतूक व पर्यटन, २०१४ पासून आरोग्य आणि २०१६ पासून समाजकल्याण अशी खाती त्यांनी सांभाळली. समाजकल्याण मंत्री असताना एप्रिल २०१७ मध्ये सरकारी भत्त्यांचा गैरफायदा घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जाहिरातमोहीम काढली. गैरव्यवहाराचे प्रमाण फुगवून गरिबांविषयी संशय पसरविल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच पक्षनेतेपदाची निवडणूक होती, हा योगायोग टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही.

नेतेपदाच्या या निवडणुकीचा निकाल विशेष अभ्यासण्याजोगा आहे. पक्षाच्या नियमानुसार संसदीय पक्षाच्या मतांना ६५ टक्के, सामान्य सदस्यांच्या मतांना २५ टक्के आणि स्थानिक लोकप्रतिनिधींच्या मतांना १० टक्के वजन होते. सामान्य सदस्यांपैकी सुमारे ६५ टक्के मते प्रतिस्पर्धी सायमन कोव्हेनी यांना मिळाली. वराडकर जिंकले ते आमदार-खासदारांसारख्या संसदीय सहकाऱ्यांच्या बळावर. पंतप्रधानपदाची त्यांची पहिली कारकीर्द अशा पक्षांतर्गत निवडीतून सुरू झाली, तर डिसेंबर २०२२ मधील दुसरी कारकीर्द आघाडीतील पाळीपाळीच्या करारातून. मधल्या फेब्रुवारी २०२० च्या सार्वत्रिक निवडणुकीत फिने गेलच्या जागा २०१६ मधील ५० वरून ३५ वर आल्या. म्हणजे त्यांनी नेतृत्व केलेल्या एकमेव सार्वत्रिक निवडणुकीत त्यांच्या पक्षाची पीछेहाट झाली. जनतेने निवडलेला मराठी वंशाचा पंतप्रधान हे आपले चित्र या तपशिलापुढे बरेच फिके पडते.

सविता हलप्पनवार आणि सार्वमत

वराडकरांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी घटना म्हणजे २५ मे २०१८ चे सार्वमत. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भास मातेच्या बरोबरीचा जीविताचा हक्क दिला होता. परिणामी गर्भपातास जवळजवळ संपूर्ण बंदी होती. ही तरतूद काढून टाकण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मतदारांनी कौल दिला, आणि १ जानेवारी २०१९ पासून बाराव्या आठवड्यापर्यंतची कायदेशीर सेवा सुरू झाली.

या परिवर्तनामागे एक नाव आहे, आणि ते आपल्या सीमाभागाशी जोडलेले आहे. बेळगाव येथे वाढलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवे येथील रुग्णालयात वयाच्या ३१ व्या वर्षी मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात गर्भपात अटळ झालेला असतानाही, गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत या कारणास्तव त्यांची गर्भ काढण्याची विनंती नाकारण्यात आली आणि पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरला. या मृत्यूने आयरिश समाज ढवळून निघाला. २०१८ मध्ये सविता यांच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना बदलाच्या बाजूने मत देण्याचे आवाहन केले होते.

या प्रक्रियेत वराडकरांचे स्थान कोणते, हे नेमकेपणाने सांगितले पाहिजे. ते या चळवळीचे प्रवर्तक नव्हते. राजकारणाच्या आरंभी त्यांची भूमिका गर्भपातविरोधी होती. २०१४ मध्ये आरोग्यमंत्री असताना आठवी दुरुस्ती अतिशय जाचक आहे, असे त्यांनी संसदेत सांगितले आणि २०१८ च्या जानेवारीत बदलाच्या बाजूने प्रचार करण्याचे जाहीर केले. त्याआधी न्यायमूर्ती मेरी लाफॉय यांच्या अध्यक्षतेखाली ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने तज्ज्ञांना ऐकून, चर्चा करून शिफारशी दिल्या होत्या. स्त्रीसंघटनांनी तर अनेक दशके लढा दिला होता. नेत्याचे श्रेय एवढेच, की समाज जिथे पोहोचला होता तिथे त्याने स्वतःचे मत बदलण्याची तयारी दाखविली आणि सरकार त्यामागे उभे केले. राजकारणात हे श्रेय लहान नाही. १८ जानेवारी २०१५ रोजी नभोवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे जाहीर करून त्यांनी जे धैर्य दाखविले, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्याच वर्षी २२ मे रोजी ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहास घटनात्मक मान्यता मिळाली.

मराठी लेखनात वराड गावाचे नाव शेकडो वेळा आले. त्या तुलनेत बेळगावच्या या कन्येचे नाव त्यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात क्वचितच घेतले गेले. वास्तविक भारतीय वंशाच्या ज्या व्यक्तीने आयर्लंडच्या राज्यघटनेवर सर्वांत खोल ठसा उमटविला, ती व्यक्ती पंतप्रधानांच्या कार्यालयात नव्हती, रुग्णालयाच्या खाटेवर होती.

सरहद्दीचा प्रश्न

ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतल्यावर आयर्लंड बेटावरील सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द पुन्हा जकातनाक्यांची होईल, अशी भीती निर्माण झाली. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने मिळालेली शांतता त्यामुळे धोक्यात आली असती. वराडकरांनी युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचे पूर्ण वजन वापरून भूमीवर तपासणी होऊ नये हा आग्रह टिकविला. १० ऑक्टोबर २०१९ रोजी बोरिस जॉन्सन यांच्याशी वायव्य इंग्लंडमधील थॉर्नटन मॅनर येथे झालेल्या भेटीतून कोंडी फुटली आणि आठवड्याभरात करार झाला. लहान देशाने मोठ्या शेजाऱ्याशी वाटाघाटी कशा कराव्यात, याचा हा उत्तम धडा मानला पाहिजे.

मात्र या यशाची दुसरी बाजूही आहे. तपासणी भूमीवरून हटली ती उत्तर आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधील समुद्रमार्गावर गेली. उत्तरेतील ब्रिटननिष्ठ समाजाला आपण ब्रिटनपासून तोडले गेलो असे वाटले, आणि त्यांच्या प्रमुख पक्षाच्या बहिष्कारामुळे फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे बेलफास्टचे प्रांतिक सरकार ठप्प राहिले. ही व्यवस्था काहीशी अधिकच कडक होती, असे स्वतः वराडकरांनी जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. सीमाप्रश्न हा नकाशाचा असतो तितकाच सरहद्दीवर राहणाऱ्यांच्या मनाचा असतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

घरांचा प्रश्न

वराडकरांच्या कारकिर्दीचे सर्वांत मोठे अपयश निवाऱ्याच्या प्रश्नात आहे. साडेबारा टक्के इतक्या कमी कंपनीकरामुळे आयर्लंडमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांची गर्दी झाली. २०१५ च्या राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे २६ टक्के वाढ नोंदली गेली, ती मुख्यतः कंपन्यांच्या मालमत्तेच्या कागदोपत्री स्थलांतरामुळे. सामान्य माणसाचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नव्हते. २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने ॲपल कंपनीकडून १३ अब्ज युरोचा कर वसूल करण्याचा आदेश दिला, तेव्हा आयरिश सरकार स्वतःच त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि वराडकरांच्या सरकारांनीही तीच भूमिका चालू ठेवली. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाच्या बाजूने अंतिम निर्णय दिला.

या श्रीमंतीत घरे मात्र दुर्मीळ झाली. २०१७ च्या मध्यास आपत्कालीन निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या सुमारे ८,००० होती. वराडकर पायउतार झाले तेव्हा ती १३,००० च्या वर गेली होती. भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरील तात्पुरती बंदी त्यांच्याच सरकारने मार्च २०२३ अखेर संपुष्टात आणली. या असंतोषाचा वापर पुढे स्थलांतरितांविरुद्ध झाला. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनमध्ये शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाल्यानंतर दंगल उसळली आणि परकीयांविरुद्धच्या घोषणांनी शहर हादरले. त्या हल्लेखोरास रोखण्यासाठी धावून गेलेल्यांत ब्राझीलहून आलेला एक खाद्यपदार्थ पोहोचविणारा कामगार होता. ज्या देशाचा पंतप्रधान एका स्थलांतरिताचा मुलगा होता, त्याच देशाच्या राजधानीत हे घडले. शिखरावरचे एक नाव बदलले म्हणून पायथ्याचे जीवन बदलत नाही.

पायउतार होणे

८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या आणि घरातील शुश्रूषेचे कार्य यांविषयीच्या दोन्ही घटनादुरुस्त्या मतदारांनी अनुक्रमे ६७.७ आणि ७३.९ टक्के मतांनी फेटाळल्या. २० मार्च रोजी वराडकरांनी राजीनाम्याची घोषणा केली. कारणे वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही आहेत आणि या पदासाठी आपण आता सर्वांत योग्य व्यक्ती राहिलो नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. सत्तेला चिकटून न राहण्याचा हा गुण आपल्याकडे कौतुकाचा विषय झाला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. रोह्याशी नाते असलेले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेले चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. त्या पदत्यागामागे एक जाहीर, वादविषय झालेले तत्त्व होते. वराडकरांच्या पदत्यागात प्रामाणिकपणा होता. परंतु घरांचे धोरण फसले काय, सार्वमताची मांडणी चुकली काय, या प्रश्नांचे उत्तर त्यात नव्हते. पद सोडणे आणि जबाबदारी स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रायगडच्या वाचकासाठी

आपल्या जिल्ह्याने राज्याला मुख्यमंत्रीही दिला आहे. म्हसळा तालुक्यातील आंबेतचे बॅ. ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ या काळात त्या पदावर होते. कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर, सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती, निराधारांसाठीची अनुदान योजना या गोष्टी त्यांच्या नावे जमा आहेत. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर द्यावा लागलेला राजीनामा आणि दीर्घकाळ चाललेली न्यायालयीन प्रकरणे ही त्यांच्या नावे खर्ची आहेत. रायगडचा माणूस त्यांच्याविषयी बोलताना जमा आणि खर्च दोन्ही मांडतो. त्यांच्याच काळात ज्या जिल्ह्याची निर्मिती झाली, त्या सिंधुदुर्गातील वराडचे नाव घेताना मात्र आपण खर्चाचे पान उघडतच नाही. जवळच्या नेत्याला जी कसोटी, ती दूरच्याला का नसावी?

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. पेण तालुक्यातील डोलवी येथे धरमतर खाडीच्या परिसरात उभ्या राहिलेल्या पोलाद उद्योगामुळे अनेक प्रांतांतून कामगार आले. त्यांची मुले येथेच जन्मली, येथील शाळांत शिकू लागली. आपल्या कोकणातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला आणि परदेशी गेला. त्याच्या मुलाने तेथे सर्वोच्च पद मिळविले, तर आपणास धन्यता वाटते. मग उद्या डोलवीत वाढलेला एखादा परप्रांतीय कामगाराचा मुलगा येथील ग्रामपंचायतीचा सरपंच किंवा जिल्हा परिषदेचा सदस्य होऊ पाहील, तेव्हा त्याला आपण कोणत्या गावचा म्हणून विचारणार? त्याच्या बापाच्या गावाचा, की डोलवीचा? भूमिपुत्रांच्या रोजगाराची आणि जमिनीची रास्त मागणी या प्रश्नाने रद्द होत नाही. कारखान्यासाठी ज्यांनी बरेच काही सोडले, त्यांचा पहिला हक्क मान्यच केला पाहिजे. परंतु डब्लिनला जे औदार्य आपण गृहीत धरतो, ते पेणमध्ये अशक्य मानणे हा विचारांतील अंतर्विरोध आहे, आणि तो दडविण्याचे काम वंशाभिमान करीत असतो.

समारोप

वराडकर यांची कारकीर्द न असामान्य यशाची, न केवळ अपयशाची. सरहद्दीच्या प्रश्नात मुत्सद्देगिरी, सामाजिक सुधारणांत मत बदलण्याची तयारी, आणि निवाऱ्याच्या प्रश्नात गंभीर उणीव, असा तिचा ताळेबंद मांडता येईल. या ताळेबंदात वराड गावाचा वाटा नाममात्र आहे. त्यांना राजकारणात आणले ते डब्लिनच्या मतदारांनी आणि नेते केले ते संसदीय सहकाऱ्यांनी. त्यांचे मोजमाप करण्याचा पहिला अधिकारही आयरिश नागरिकांचाच आहे.

आपल्या वाट्याला येतो तो अभ्यास. सामान्य नागरिकांच्या सभेने एका कडव्या नैतिक वादावर शांतपणे विचार कसा केला, लहान देशाने कराराची भाषा कशी घडविली, संपत्तीच्या आकड्यांमागे घराविना माणसे कशी राहिली, हे विषय राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या वर्गांत सविस्तर शिकविण्याजोगे आहेत. त्या वर्गांत वराडइतकेच बेळगावचे आणि डोलवीचेही नाव यावे, अशी अपेक्षा आहे.